हर्षद घरी आले आहेत

सहा महिन्यांच्या नोंदी वाचायला घेतल्या तेव्हा डॉ. शैलजा घटाटेने स्वतःचं घर शेवटी ठेवलं होतं. नागपूरला हिंगणा रस्त्यावरच्या त्या प्रयोगशाळेत सकाळपासून एकेचाळीस घरांची वाचनं पडद्यावरून सरकत होती. चाळीस घरं इतरांची होती, एकेचाळिसावं तिचं. प्रत्येक घराच्या दाराला तिने बनवलेलं गंधकुलूप होतं, आणि घरात कोण केव्हा आलं, केव्हा गेलं याची नोंद ते कुलूप ठेवत होतं. दोन घरांवर चोरट्यांनी हात टाकून पाहिला होता. दोन्हीकडे कुलपाने दार धरून ठेवलं होतं आणि चौकीला खबर दिली होती. त्यापलीकडे कुठे काही वावगं नव्हतं. पुढच्या वर्षी कुलूप बाजारात जाणार हे आता जवळजवळ ठरलं होतं.

मग तिने आपल्या घराची नोंद उघडली. एकट्या बाईचं घर, त्यामुळे पानभर तेच ते होतं. शैलजा, प्रवेश. शैलजा, निर्गमन. आणि त्या रांगेत मध्येच एक ओळ: मंगळवार, सकाळी अकरा बारा. हर्षद, प्रवेश. त्याच्या खाली: बारा पन्नास. हर्षद, निर्गमन.

हर्षद तिचा नवरा. अमरावती रस्त्यावर ट्रकने त्याची गाडी उडवली त्याला चौदा महिने झाले होते.

तिने पान खाली सरकवलं. अशा नोंदी एकूण पाच होत्या. पाचही महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, साधारण त्याच वेळी.

शेजारच्या खोलीत डॉ. जयदेव मेश्राम बसत. रक्त आणि प्रतिकारशक्ती हा त्यांचा विषय. कुलपामागचं अर्धं डोकं त्यांचं होतं. शैलजाने त्यांना बोलावलं आणि पडद्याकडे बोट दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं.

"कपडे," ते म्हणाले. "त्यांचे कपडे अजून कपाटात आहेत ना?"

आहेत, असं शैलजा म्हणाली. पण कपडे कपाटातून उठून दाराबाहेर जात नाहीत आणि बाहेरून आत येत नाहीत. आणि खरी अडचण वेगळी होती. ती त्या दोघांनाही ठाऊक होती, तरी मेश्राम सरांनी ती पुन्हा एकदा बोलून पाहिली, जणू बोलताना कुठे तरी फट सापडेल.

माणसाच्या अंगाला येणाऱ्या वासात शंभर गोष्टी मिसळलेल्या असतात. काय खाल्लं, कोणता साबण लावला, किती घाम आला, वय काय, बाई की पुरुष. हे सगळं बदलतं, म्हणून कुलूप ते सोडून देतं. या सगळ्याच्या तळाशी एक बारीक सूर उरतो. शरीर स्वतःला आणि परक्याला ज्या खुणांनी ओळखतं, त्या खुणांचा तो वास. ज्याचा त्याचा वेगळा, जन्मापासून मरेपर्यंत तोच. कुलूप फक्त तेवढाच पकडून ठेवतं. त्याला त्यांनी गंधठसा असं नाव दिलं होतं.

"आणि जुना वास कुलूप घेतच नाही," शैलजा म्हणाली. "चटकन उडून जाणारे रेणू त्यात असावे लागतात. ते फक्त जिवंत अंगातून येतात, आणि तासाभरात उडून जातात. ही अट आपणच घातली होती, सर. चोराने मालकाचा सदरा घालून दारात उभं राहू नये म्हणून."

हर्षदला जुळा भाऊ होता का, असं मेश्राम सरांनी विचारलं. भाऊच नव्हता. तो एकुलता एक होता.

"नाव काढून टाका यादीतून," ते म्हणाले. "कुलपात मेलेल्या माणसाचं नाव कशाला ठेवायचं, शैलजाताई?"

उद्या काढते, असं ती म्हणाली. हे ती चौदा महिने म्हणत होती.

हे कुलूप मुळात हर्षदच्या हट्टामुळे जन्माला आलं होतं. सात वर्षांपूर्वी दोघं अकोल्याला लग्नाला गेले असताना त्यांचं घर फुटलं. सासूबाईंचा पोहेहार गेला, पाटल्या गेल्या, चांदीची भांडी गेली. पण हर्षदच्या मनातून गेली नाही ती वेगळीच गोष्ट. चोर स्वयंपाकघरात बसून फ्रिजमधला भात आणि वरण खाऊन गेले होते आणि ताटं तशीच ओट्यावर टाकली होती. किती तरी महिने त्याला त्या ताटांत जेवण जात नव्हतं. माणूस पूल बांधणारा, सहसा कशाने न हलणारा, पण कुलपाच्या आवाजाने दचकायचा. गंधाची रसायनं हा तुझा विषय आहे ना, मग मला असं कुलूप करून दे की जे किल्ली नाही, माणूस ओळखेल, असं तो म्हणायचा. कुलूप तयार झालं तेव्हा पहिला ठसा त्याने दिला. त्या दिवशी बाहेर जाऊन तो उगाचच तीनदा घरात आला. तिन्ही वेळा कुलपाने म्हटलं, "हर्षद घरी आले आहेत." तो पोरासारखा हसला होता.

त्या संध्याकाळी शैलजाने आधी कपाट उघडलं. नंतर घडवलेल्या बांगड्या जागच्या जागी होत्या. मंगळसूत्र डब्यात होतं. लॅपटॉप, कॅमेरा, हर्षदचं घड्याळ, सगळं होतं. चोर काहीतरी घेऊन जातो. इथे पाच वेळा कोणी तरी येऊन दीड दीड तास बसून गेलं होतं आणि काडीही हलली नव्हती. चौकीत जाऊन सांगणार तरी काय? माझा नवरा घरी येऊन जातो आणि तो वारलेला आहे, असं?

तिचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. पण त्या रात्रीनंतर तिला घरात वेगळं वाटू लागलं. हर्षदची वेताची खुर्ची फोटोकडे किंचित वळलेली आहे असं वाटे; ती सरळ करी आणि दुसऱ्या दिवशी आपणच ती वळवली होती का, हे आठवत बसे. प्रयोगशाळेतून फोनवर कुलपाची नोंद उघडून पाही. भाजी चिरताना हात थांबे आणि ती बाहेरच्या खोलीचा कानोसा घेई. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तिला भीती वाटत नव्हती. ती वाट पाहू लागली होती. न्हाणीघरातल्या खुंटीवर तिने त्याचा टॉवेल पुन्हा अडकवला, तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली. पण काढला नाही.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी तिने सुट्टी घेतली. चपला आत ठेवल्या, पंखा बंद केला आणि हर्षदच्या फोटोखालच्या दिवाणावर बसून राहिली. बाहेर ऊन रणरणत होतं. अकरा वाजून गेले. कुणी तरी फाटक उघडलं. पावलं पायऱ्या चढून दाराशी आली, थांबली. कुलपाची पट्टी हुंगत असल्याचा बारीक घूं असा आवाज आला. शैलजाने दिवाणाची कड धरली.

"हर्षद घरी आले आहेत," कुलूप म्हणालं, आणि दार उघडलं.

आत आली ती एक मुलगी. सत्तावीस-अठ्ठावीसची, हडकुळी, केस पुरुषासारखे कापलेले, तोंडाला कापडी मास्क, हातात चाफ्याची दोन फुलं. समोर माणूस बसलेला पाहून ती जागच्या जागी थिजली. पळून जाईल असं शैलजाला वाटलं, पण ती पळाली नाही. तिने मास्क खाली केला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मी चोर नाही, काकू."

तिचं नाव कल्याणी झाडे. वर्ध्याच्या एका शाळेत ग्रंथपाल होती. तीन वर्षांपूर्वी तिला रक्ताचा कर्करोग झाला. औषधांनी तिची स्वतःची सगळी अस्थिमज्जा जाळून टाकावी लागली आणि तिच्या जागी कुणा अनोळखी माणसाच्या पेशी भरल्या गेल्या. त्या माणसाच्या पेशी तिच्याशी कामापुरत्या जुळल्या होत्या, एवढंच तिला सांगितलं होतं. नाव सांगायचं नाही असा दात्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा नियम होता; ठरावीक काळ गेल्यावर दोन्ही बाजूंनी लेखी होकार दिला तरच. कल्याणीने होकार दिला. दात्याने तो कधीच देऊन ठेवला होता. मग पत्र आलं, त्यात नाव होतं आणि या घराचा पत्ता.

शैलजाला आठवलं. हर्षद एकदा दोन दिवस दवाखान्यात जाऊन आला होता. कुणाला तरी पेशी देऊन आलो, म्हणाला होता. दंडावर सुईचा डाग होता, आणि मग तो पुलाच्या कामाला लागला आणि दोघंही ते विसरून गेले.

मुलगी उभ्यानेच बोलत होती. दर महिन्याला दुसऱ्या मंगळवारी तिला तपासणीसाठी नागपूरला यावं लागे. सकाळी रक्त दिलं की रिपोर्ट मिळेपर्यंत दुपारचे दोन-तीन वाजत. पत्र मिळाल्यावर ती पहिल्यांदा आली ती आभार मानायला. दार वाजवायला हात उचलला, तर कुणी तरी म्हणालं हर्षद घरी आले आहेत, आणि दार उघडलं. आतून कुणी उघडलं असेल असं समजून ती आत आली, हाका मारल्या, आणि मग तिला हार घातलेला फोटो दिसला.

"तेव्हाच जायला पाहिजे होतं," कल्याणी म्हणाली. "गेलेही. पण पुढच्या महिन्यात पाय परत इकडेच वळले. दवाखान्यात मी फाइलचा नंबर आहे, काकू. घरी आई सारखी कपाळाला हात लावून ताप बघते. इथलं दार मात्र मला त्यांच्या नावाने हाक मारून आत घेतं. कोणत्या तोंडाने तुम्हाला भेटू, ते कळत नव्हतं. ते गेले आणि मी राहिले. म्हणून नुसती बसायची. त्या खुर्चीत."

शैलजा उठली. तिने त्या मुलीला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. मग पाणी घेऊन बाहेर आली.

हे सगळं ऐकल्यावर मेश्राम सरांनी कपाळावर हात मारून घेतला. आपणच सांगायला हवं होतं, असं ते म्हणत राहिले. ज्या खुणांचा ठसा कुलूप घेतं, त्या खुणा रक्तातल्या पेशी सतत सोडत असतात, आणि रक्त अस्थिमज्जेत तयार होतं. एका उंदराची मज्जा दुसऱ्यात घातली तर दुसऱ्याचा वास पहिल्यासारखा होतो, असे प्रयोग फार पूर्वी झाले होते. कुलपाची चूक झालीच नव्हती. हर्षदच्या पेशी त्या मुलीच्या हाडांत जिवंत होत्या, रोज नवं रक्त करत होत्या, आणि कुलपाने तेवढंच ओळखलं होतं.

हा दोष अहवालात गेला पाहिजे आणि हर्षदचा ठसा यादीतून गेला पाहिजे, असं सर म्हणाले. अहवाल शैलजाने लिहिला. ठसा काढला नाही. कल्याणीचा ठसा वेगळा असा घेताही येत नव्हता. कुलपाच्या दृष्टीने ते दोघं एकच होते.

त्यानंतर दर दुसऱ्या मंगळवारी शैलजा घरी राहू लागली. ती कढीगोळे करी, कधी भरली वांगी करी. हर्षदला आवडे म्हणून नव्हे, असं ती स्वतःला बजावे. कल्याणी हळूहळू मोकळी झाली. शाळेतली मुलं पुस्तकात कशी पिसं लपवतात, ते सांगे. तिच्या अंगावर मांस चढू लागलं, केस मानेपर्यंत आले. दार उघडण्याआधी कुलूप ते वाक्य म्हणे, आणि तेवढा एक क्षण शैलजा स्वयंपाकघरातून बाहेर बघत नसे. नुसती ऐके. मग बाहेर येई. मुलीला हे ठाऊक होतं की नाही कोण जाणे, पण तीही दाराशी जरा जास्तच वेळ थांबायची.

असे चार महिने गेले. पाचव्या महिन्यात मंगळवारी शैलजाने तांदूळ धुवून ठेवले होते. फाटक वाजलं, पावलं वर आली, पट्टी हुंगू लागली. नेहमीपेक्षा बराच वेळ हुंगत राहिली.

"दारात अनोळखी व्यक्ती आहे," कुलूप म्हणालं. "दार उघडू नका."

खाटकन अडसर सरकला. चौकीला संदेश गेल्याचा दिवा लागला. शैलजाने खिडकीतून पाहिलं. दारात कल्याणी उभी होती.

शैलजाने आतून अडसर काढला. कल्याणी हसत होती. आईने नवीन उटणं आणलंय, म्हणून तुमचं कुलूप रुसलं, असं ती म्हणाली. शैलजाही हसली. कुलूप उटणं हुंगत नाही, हे तिने सांगितलं नाही. चौकीला फोन करून चुकून वाजल्याचं कळवलं, भात लावला, ताटं घेतली, आणि मुलगी हात धुवायला गेली तेवढ्यात फोनवर जुन्या नोंदी उघडल्या.

प्रत्येक नावापुढे एक आकडा असे. ठसा किती जुळला त्याचा. नव्वदच्या खाली गेला तर दार उघडायचं नाही, ही मर्यादा तिनेच घातली होती. तिचा स्वतःचा आकडा वर्षभर सत्त्याण्णववर ठाम होता. हर्षदचा पहिल्या मंगळवारी सत्त्याण्णव होता. मग सत्त्याण्णव. मग शहाण्णव, पंचाण्णव, चौऱ्याण्णव. त्र्याण्णव, ब्याण्णव, ब्याण्णव, एक्याण्णव. मागच्या खेपेला नव्वद. आज सत्त्याऐंशी. कित्येक महिने हा उतार तिच्या डोळ्यांसमोर होता. तिने फक्त नाव वाचलं होतं.

हर्षदच्या पेशी हटत होत्या. त्यांच्या जागी कल्याणीचं स्वतःचं जुनं, आजारी रक्त परत येत होतं.

कल्याणीने पोटभर जेवावं म्हणून शैलजा तिचं ताट रिकामं होईपर्यंत काही बोलली नाही. मग ती तिच्याबरोबर दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दाखवला. सगळे आकडे ठीक होते. दात्याच्या पेशी किती उरल्या याची तपासणी अजून तीन महिन्यांनी करायची होती, आताच कशाला, असं त्यांनी विचारलं. दाराच्या कुलपावरून रोगाचं निदान केल्याचं त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. शैलजाने आकड्यांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि तपासणी आजच करा म्हणून अडून बसली.

कल्याणी बाहेर बाकावर बसली होती. शैलजा तिच्याशेजारी येऊन बसली तेव्हा तिने विचारलं, "ते चाललेत ना, काकू?"

शैलजाने होकारार्थी मान हलवली.

आठवड्याने तपासणीचा निकाल आला. कुलूप बरोबर होतं. एरवी रक्ताच्या साध्या तपासणीत हे दिसायला अजून दोन-अडीच महिने लागले असते, आणि तोवर फार उशीर झाला असता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अशा वेळी पहिल्या दात्याच्याच पेशी पुन्हा देतात. पण ते शक्य नव्हतं. मिळालेल्या त्या अडीच महिन्यांत नवा दाता शोधावा लागला, आणि सुदैवाने सापडला. कुठल्या तरी दूरच्या गावची एक बाई, याहून जास्त कुणी सांगितलं नाही. कल्याणीच्या हाडांत हर्षदचं जे काही उरलं होतं ते औषधांनी जाळलं गेलं. त्या दिवशी शैलजा दवाखान्याच्या जिन्यात बसून होती. तिला दोनदा विधवा झाल्यासारखं वाटत होतं, आणि दर तासाला वर जाऊन मुलगी कशी आहे हेही ती विचारत होती.

मुलगी वाचली. सात महिन्यांनी तिला प्रवासाची परवानगी मिळाली तेव्हा ती पुन्हा त्या दारात आली. बरोबर मेश्राम सर होते; नवा ठसा घ्यायचं यंत्र त्यांनी आणलं होतं. कुलपाने तिला अनोळखी म्हटलं आणि या वेळी कुणी दचकलं नाही.

हर्षदचं नाव यादीत तसंच होतं. ते काढा, असं आता सरांनी म्हटलं नाही. आता त्याची गरजच नव्हती. तो ठसा असलेलं एकही जिवंत अंग जगात उरलं नव्हतं. त्या नावाने आता कुणीच दार उघडू शकलं नसतं. चोरापासून इतकी सुरक्षित नोंद एकेचाळीस घरांत दुसरी नव्हती.

सरांनी यंत्र कल्याणीच्या मनगटाशी धरलं, आणि मग खाली घेतलं.

"शैलजाताई, एक सांगायला हवं," ते म्हणाले. "हा ठसा हिचा नाही. त्या बाईचा आहे. ती कुठे तरी हिंडते-फिरते आहे. आपण तो यादीत घातला, तर तुमचं घर तिलाही उघडं झालं. कोण आहे, कशी आहे, आपल्याला माहीत नाही."

"ती दारात आली तर?"

"कुलूप म्हणेल, कल्याणी घरी आली आहे. आणि दार उघडेल."

शैलजाने हातातल्या नॅपकिनला हात पुसले. आठ वर्षं तिने एकाच गोष्टीसाठी जिवाचं रान केलं होतं: ज्याला आपण ओळखत नाही त्याच्यासाठी हे दार उघडू नये. तिने यंत्र सरांच्या हातातून घेतलं आणि स्वतःच मुलीच्या मनगटाशी धरलं.

"उघडू दे," ती म्हणाली.